छोटी मुलं असताना स्वतःसाठी काढलेली दहा मिनिटं दर वेळी मोडतात: नेमकं कुठे अडतं आणि काय करून बघायचं

प्रॉब्लेम आधी नीट मांडते, कारण बरेच जण तो "वेळच मिळत नाही" असा सांगतात आणि मग उपाय शोधताना चुकतात. वेळ कधीकधी मिळतो. बाळ झोपतं, नवरा रविवारी घरी असतो, सासूबाई गावाहून आलेल्या असतात. पण आपण बसलो की तो मोडतो. चहा गाळला की आतून रडण्याचा आवाज, अंघोळीला गेलं की दारावर थापा, पुस्तक उघडलं की बेल, आणि हे कधीतरी नाही तर रोज, त्याच त्याच जागी. रोज त्याच जागी मोडत असेल तर नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही, कुठे अडतंय ते शोधता येतं आणि बरंचसं दुरुस्तही होतं.

आमचं घर मुलुंडला, वन बीएचके. मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, मी आणि नवरा दोघं नोकरी करतो, सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. खाली लिहिलंय ते साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आईबाबांसाठी.

आधी हे बघा: त्या दहा मिनिटांत ड्युटीवर कोण आहे?

माझ्या मते बहुतेक वेळा मूळ इथेच असतं. बाळ झोपलंय म्हणून तुम्ही सोफ्यावर बसलात, तर ड्युटीवर तुम्हीच आहात. कान आतल्या खोलीत लागलेले, आणि आपल्या मुंबईच्या घरात आतली खोली किती लांब असणार, दहा पावलं. त्यात जरा खुट्ट झालं की छातीत धस्स होतं. असं तासभर बसलं तरी थकवा जात नाही, आणि मग आपल्यालाच वाटतं की अरे तासभर मिळाला होता की मला, तरी मी एवढी वैतागलेली का.

खरा एकटा वेळ मिळायला दोन गोष्टी लागतात. दुसऱ्या कोणी मोठ्या माणसाने तोंडाने, मोठ्याने, "आता मी आहे, तू जा" असं म्हटलेलं असलं पाहिजे, आणि तुम्ही मुलाचा आवाज ऐकू येणार नाही इतक्या लांब असलं पाहिजे. एकच असेल तर काम होत नाही. नवरा हॉलमध्ये मुलाला घेऊन बसलाय आणि तुम्ही बेडरूममध्ये दार लावून पडलाय, तर मूल दाराशी येणारच, त्याला माहितीये आई आत आहे. त्यात नवऱ्याचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. म्हणून लहान घरात दार लावून एकटं होण्याचा हट्ट सोडा आणि जिना उतरा. खाली सोसायटीचा बाक, कोपऱ्यावरचं देऊळ, वॉर्डातली बाग, एखादं वाचनालय जिथे आजोबा लोक पेपर वाचत बसतात, कुठेही. चालत पाच मिनिटांवर असू दे, फार लांबचं ठरवलं तर अर्धा वेळ रिक्षात जातो. मरीन ड्राइव्हला जाऊन बसायचं स्वप्न ठेवा, पण मुलुंडहून मरीन ड्राइव्ह म्हणजे जाऊन येऊन अख्खी सकाळ.

बाथरूमचं दार लावलं की थापा आणि रडणं

हे सहा-आठ महिन्यांच्या आसपास सुरू होतं, दहा ते अठरा महिन्यांत सगळ्यात जोरात असतं आणि बहुतेक मुलांचं दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू उतरतं. कारण असं की आई समोरून गेली तरी ती कुठेतरी आहेच हे मुलाला आता कळायला लागलेलं असतं, पण ती परत कधी येणार हे कळत नाही. मग ते बोलावतं, आणि बोलावायची त्याची एकच पद्धत आहे. घरातले म्हणतात "तूच लाडावून ठेवलंयस", ते मनाला लावून घेऊ नका, या वयात असं होणं हे वाढीचा भागच आहे.

याच्यावर सगळ्यात वाईट उपाय म्हणजे गुपचूप सटकणं. पहिल्यांदा जमतं, मग मूल आपल्यावर पहारा ठेवायला लागतं आणि किचनमध्ये सुद्धा जाऊ देत नाही. सांगून जा. "आई अंघोळीला चालली, आली हं लगेच", रोज तेच वाक्य, त्याच सुरात, आणि खरंच लगेच या. दिवसभरात बुवा-कुक खेळा, पडद्यामागे लपून या, शेजारच्या खोलीत जाऊन तिथून बोलत राहा आणि परत या. गेलेलं माणूस परत येतं हे त्याला शेकडो वेळा दिसावं लागतं. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग तीन. आठवडाभरात चमत्कार होणार नाही पण महिन्याभरात फरक कळतो असा माझा अनुभव आहे.

आणि हे सगळं करताना एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे पाणी भरून ठेवायची सवय, बादल्या, टब, ड्रम. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत वाकलं आणि डोकं खाली गेलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, थोडंसं पाणी असलं तरी. त्यामुळे बाथरूममध्ये भरलेली बादली असेल तर बाहेरून वरची कडी हवीच. तसंच खिडकीखाली पलंग, सोफा, स्टूल नको, आणि खिडकीला बाहेर काढलेली जी ग्रिलची पेटी असते ज्यात आपण कुंड्या नि जुनं सामान ठेवतो त्यात मूल चढता कामा नये. बाल्कनीला कुलूप. घरात दुसरं कोणी नसेल आणि अंघोळ करायचीच असेल तर मूल जाळीच्या प्लेपेनमध्ये किंवा कठडा असलेल्या पलंगात ठेवून, आवाज देत देत, भराभर आटपा. त्याला एकटा वेळ म्हणू नका, ती फक्त अंघोळ आहे.

आत्ता झोपला आणि मी बसले की उठला

हा माझा स्वतःचा सगळ्यात जुना प्रॉब्लेम आणि याचं उत्तर कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. लहान मुलाच्या झोपेचं एक चक्र साधारण पाऊण तास ते तासाभराचं असतं. ते संपताना झोप पातळ होते आणि बरीच मुलं तिथेच उठतात. आता आपण काय करतो, बाळ झोपलं रे झोपलं की भांडी, कपडे वाळत घालणं, खालचा पसारा, कुकर. हे सगळं व्हायला पाऊण तास लागतो. मग चहा घेऊन टेकतो आणि तेवढ्यात ते उठतं. वाईट नशीब नाही, आपण बसायची वेळच त्याच्या उठायच्या वेळेवर नेऊन ठेवलेली असते.

तर क्रम उलटा करा. मूल झोपलं की पहिली वीस मिनिटं आपली, भांडी नंतर. मूल जागं असताना भांडी घासता येतात, त्याला दोन वाट्या आणि एक चमचा दिला की ते शेजारी बसून वाजवतं. पण मूल जागं असताना आपल्याला गप्प बसून राहता येत नाही, म्हणजे झोपेतली वेळ जास्त मौल्यवान, ती भांड्यांवर का घालवायची? सिंक भरलेलं बघून जीव कासावीस होतो हे मला माहितीये. तरी बसा.

बेलचं पण बघा. कचरा, इस्त्री, कुरिअर, मावशी, सगळे त्याच तासात येतात. दारावर ठळक अक्षरात चिठ्ठी लावा, "बाळ झोपलंय, बेल वाजवू नका", आणि सरळ बेलचं बटण बंद करून टाका. वॉचमन काकांना सांगितलं तर तेही इंटरकॉम करत नाहीत, फक्त त्यांना वेळ नीट सांगावी लागते. शिट्टीचा कुकर झोपवायच्या आधी लावून मोकळं व्हा.

मुलाच्या झोपा बदलल्या की तुमचं टाइमटेबल कोसळणार हे पण धरून चाला. वर्षाच्या आत दिवसातून दोन-तीन झोपा असतात, पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमारास बहुतेकांची दुपारची एकच उरते, आणि तीन ते पाच वर्षांत कधीतरी तीही जाते. दोन मुलं असतील तर मोठं झोपत नाही आणि धाकटं झोपतं, हा खरा पेच. आमच्याकडे मोठीला झोपायची सक्ती करणं सोडून दिलं आणि तिला "गुपचूप खेळ" दिला. एक डबा आहे जो फक्त त्या वेळी निघतो, त्यात कपड्यांचे चिमटे, जुन्या लग्नपत्रिका, कणकेचा गोळा आणि छोटं पोळपाट-लाटणं. पाच मिनिटांचा टायमर लावायचा, तो वाजेपर्यंत आईला हाक मारायची नाही, वाजला की आई येणार. पाचाची दहा व्हायला वेळ लागतो, घाई केली तर मोडतं. तीन वर्षांच्या मुलाला "थोड्या वेळाने" म्हणजे काय ते समजत नाही, टायमरची घंटा समजते.

मग रात्री जागून किंवा पहाटे उठून?

रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल घेऊन एक वाजेपर्यंत जागणं, हे आपण सगळे करतो कारण दिवसभरात तेवढाच वेळ कोणी काही मागत नाही. मी नको म्हणणार नाही, पण अर्ध्या तासाची हद्द घाला, कारण मूल सकाळी साडेसहाला उठणार ते उठणारच, आणि कमी झोपेवर दुसऱ्या दिवशी त्याचा साधा हट्टसुद्धा सहन होत नाही. पहाटे उठायचा सल्ला देणाऱ्यांच्या घरी बहुतेक चोवीस तास पाणी असावं. जिथे पाणी पहाटेच तासभर येतं तिथे तो तास पाणी भरण्यात जातो, तो आपला नसतो.

"मी बघतो ना" म्हणतो आणि दर पाच मिनिटांनी विचारतो

डायपर कुठेत, याला भूक लागलीये का, हा का रडतोय. यावर भांडून काही होत नाही, मी बघितलंय. ज्या माणसाला मुलासोबत एकट्याने राहायची वेळच आलेली नाही त्याला त्याची पद्धत सापडणार कशी? ती सापडायला आई घरात नसावी लागते. म्हणून दिवस आणि वेळ ठरवून टाका. आमच्याकडे रविवारी सकाळी आठ ते दहा मी बाहेर, आणि संध्याकाळी पाच ते सात तो बाहेर. रविवारच का, तर रोज ऑफिस आणि लोकल करून तो नऊच्या आत घरी येत नाही, त्याआधीच्या वेळेचं कुठलंही वचन पाळलं जाणार नाही हे दोघांनाही माहिती आहे.

पहिले काही रविवार मूल रडतं. रडू दे, बापाच्या कुशीत रडतंय, एकटं नाही. तुम्ही फोन करू नका, फक्त एवढं ठरवा की ताप, पडणं, रक्त यासाठी तो फोन करेल, बाकी कशासाठी नाही. तो मुलाला विचित्र कपडे घालेल, नाश्त्याला बिस्किटं देईल. त्यावर परत आल्यावर एक अक्षर बोलू नका. खरंच. बोललात तर पुढच्या रविवारी तो म्हणेल "मग तूच कर", आणि गेलं सगळं.

त्याची बाजू पण मांडते. बायकोला वाटतं याला येता-जाता लोकलमध्ये तास-दीड तास मिळतो, नवऱ्याला वाटतं ही घरी असते तेव्हा दुपारी पडते. दोघांनाही दुसऱ्याचा तो वेळ आरामाचा वाटतो आणि तो आरामाचा नसतो. हे एकदा बसून एकमेकांना सांगा, आरोप न करता.

नोकरी करणाऱ्या बायकांना मात्र एक सांगेन. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर तो वेळ भाजीच्या ऑर्डरी, शाळेच्या ग्रुपचे मेसेज आणि आईला फोन यात संपवू नका. फास्टमध्ये लटकून वीस मिनिटं वाचवण्यापेक्षा कधीतरी स्लो पकडून खिडकीशी बसून यायला काही हरकत नाही. मी आठवड्यातून एकदा स्टेशनवर उतरल्यावर बाकावर दहा मिनिटं बसते आणि मग घरी जाते. घरी माहिती आहे, लपवलेलं नाही.

भाजीच्या नावाखाली वेळ काढू नका

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बाईने "मी नुसती बसायला चाललेय" असं म्हणायची पद्धत नाही, म्हणून आपण म्हणतो भाजी आणते, दळण टाकून येते, औषध आणते. मग आपल्याला भाजी आणावीच लागते. पिशव्या घेऊन, घामाघूम होऊन येतो, आणि घरच्यांच्या लेखी आपण बाहेर फिरून आलेल्या असतो. वेळ गेला आणि विश्रांती पण नाही.

सासूबाईंना मी स्पष्ट सांगायला लागले, "आई, साडेपाच ते सहा मी खाली बाकावर बसून येते, दोघांना तुम्ही बघाल का?" पहिल्यांदा त्या गोंधळल्या, बरं नाहीये का म्हणून विचारलं. मग एकदा त्याच म्हणाल्या की त्यांच्या वेळी लालबागच्या चाळीत दुपारी सगळ्यांची दारं उघडी असायची, पोरं गॅलरीत, कुणाच्याही घरात जेवायची, त्यामुळे कोणीतरी बघतंय हे मागावं लागायचं नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर मागावं लागतं, एवढाच बदल झालाय.

मागताना नेमकं मागा. "जरा बघा हं" म्हटलं की आजीला कळत नाही किती वेळ, आणि तिचे गुडघे दुखत असतात, सव्वा वर्षाचं मूल उचलायचं म्हणजे खायचं काम नाही. अर्धा तास सांगितला तर अर्ध्या तासात परत या. वेळ पाळली की पुढच्या वेळी त्या आपण होऊन म्हणतात, जा तू.

आजी-आजोबा नसतील तर शेजारी. साधारण त्याच वयाचं मूल असलेलं एक घर शोधा, शनिवारी एक तास तुमच्याकडे, एक तास त्यांच्याकडे. आधी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, खिडक्या-बाल्कनी बंद आहे का आणि टीव्ही लावायचा की नाही हे बोलून घ्या म्हणजे नंतर मनं दुखत नाहीत. पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, तास परत करायचा.

पाळणाघर, आणि रजा घेऊनही मूल तिथे ठेवणं

नोकरी असेल तर ऑफिसात विचारा. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात बदल झाला तेव्हा प्रसूती रजा २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच बदलात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे असंही आलं, ते फार कमी जणींना माहिती असतं. मूल तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीचा पण विचार करा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे शाळेआधीचं शिक्षण मिळतं, फी नसते, आणि सकाळचे काही तास सुटतात.

आणि कधीतरी अर्ध्या दिवसाची रजा घ्या आणि त्या दिवशीही मुलाला पाळणाघरात ठेवा. यावर कोणीतरी म्हणणारच, "सुट्टी होती तर घरी का नाही ठेवलंस पोराला?" तुम्ही आजारी पडून घेतलेली रजा सगळ्यांना चालते, आजारी पडू नये म्हणून घेतलेली चालत नाही. माझं ठाम मत आहे की घ्यावी.

मोबाईल देऊन वेळ काढणं

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच (घरच्यांशी व्हिडिओ कॉल सोडून), आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. देखरेखीत म्हणजे आपण परत ड्युटीवरच. कधी ताप असतो, कधी आपलाच जीव गेलेला असतो, तेव्हा दिला म्हणून कोणी वाईट आई होत नाही. पण रोजचा उपाय म्हणून नको, व्हिडिओ बंद करताना जो आकांत होतो त्यात मिळवलेला वेळ परत जातो.

वेळ मिळूनही बरं वाटत नसेल तर

हे वेगळं आहे, याला वरचे उपाय लागू होत नाहीत. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पण त्यानंतरही मन जड राहत असेल, बाळ झोपलेलं असताना सुद्धा झोप येत नसेल, कशातच काही वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर तो आजार आहे, बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतो आणि त्याला उपचार आहेत. प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि एखाद्या रात्री बाळ तासन्‌तास रडतंय, तुम्ही एकट्या आहात आणि हात थरथरायला लागले असतील इतका राग आला असेल, तर बाळाला पलंगात किंवा पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. पाच मिनिटं. रडू दे त्याला. पाणी प्या, कोणाला तरी फोन लावा, मग परत या. बाळाला जोरात हलवायचं नाही, कधीच नाही, त्याने मेंदूला इजा होते. ही पाच मिनिटं कोणाचीही परवानगी न घेता घ्यायची.

जमलेलं सगळं मोडलं की

मोडणार. पाळणाघरातून सर्दी येते, मग ती सगळ्या घराला होते, जूनमध्ये पाऊस लागला की बाक ओला, बाग चिखल, मुलं चार महिने घरात कोंडलेली. पावसाळ्याची जागा मे महिन्यातच बघून ठेवा, स्टिल्ट पार्किंगमधली खुर्ची, देवळाचा सभामंडप, वाचनालय. मुलांना गमबूट आणि रेनकोट घालून बाबाबरोबर खाली डबक्यात पाठवलं तर घर मोकळं होतं, तेव्हा तुम्ही घरात राहा, उलटी व्यवस्था.

चुकलेला रविवार पुढच्या रविवारी भरून काढायला जाऊ नका, चार तास मागितले की भांडण होतं. नेहमीचे दोन तास, नेहमीच्या वेळी, परत चालू करा. नवरा शिफ्टमध्ये असेल किंवा तुम्ही एकट्याच मूल वाढवत असाल तर रविवार सोडा, आठवड्यातला कुठलाही एक तास पकडा, पण कॅलेंडरवर दूध नि गॅसच्या नोंदी करतो तिथेच लिहा, पेनाने, सगळ्यांना दिसेल असं, आणि त्या वेळी मुलांना कोण बघणार त्याचं नाव शेजारी.